तळपायांची आग, काशाची वाटी आणि पेपरमिंटचं तेल

मार्चमध्ये आमची सकाळची शाळा सुरू झाली आणि माझ्या पायांचं सगळं बिनसलं. सात ते साडेबारा उभं राहून शिकवायचं, मग वह्या आणि पेपर, आणि भर उन्हात कळव्याहून बस पकडून पाचपाखाडीला घरी. दारात चप्पल काढली की तळपायांची नुसती आग आग व्हायची. मी लादीवर पाय टेकवून बसायचे, ती गरम झाली की शेजारच्या लादीवर सरकायचे, रात्री तर चादर पायाला लागलेली पण सहन होत नव्हती.

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात माळ्यावरून काशाची वाटी काढली. म्हणाल्या, अगं बस जरा, पाय दे इकडे. आता सासूबाईंच्या हातात पाय द्यायचे हे मला काही केल्या पटेना, पण त्यांनी ऐकलंच नाही. तूप लावून वाटीने तळपाय गोल गोल घासले, हळूहळू तूप काळं पडायला लागलं, त्याला आमच्याकडे उष्णता निघाली म्हणतात. ते काळं धातू आणि तुपाच्या घासण्याचं असणार असं मला वाटतं, पण त्या रात्री मी चार तास सलग झोपले हे खरं. तेव्हाच मनात आलं की तुपाऐवजी खोबरेल घेऊन त्यात पुदिन्यासारखं काहीतरी घातलं तर जास्त गार वाटेल. आमच्या घरात अमृतधारा पूर्वीपासून असतेच, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि भीमसेनी कापूर सारख्या वजनाने बाटलीत घातलं की तिन्ही घन पदार्थ आपोआप पातळ होतात, ते लहानपणी बघायला मला फार आवडायचं. त्यातला गारवा पुदिन्याच्या फुलाचा, म्हणजे मेंथॉलचा, एवढं माहीत होतं.

म्हणून आधी घरचाच पुदिना वापरून बघितला. जांभळी नाक्यावरून दोन जुड्या आणल्या, पानं धुऊन पंख्याखाली पूर्ण सुकवली आणि आठ दिवस खोबरेलात भिजवून ठेवली. वास छान, हिरवा, पण गारवा शून्य. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं तेव्हा कळलं की चटणीचा पुदिना बहुतेक वेळा स्पिअरमिंट जातीचा असतो, त्याच्या वासात मुख्य भाग कार्व्होन नावाच्या घटकाचा, मेंथॉल अगदी नावाला. पेपरमिंट म्हणजे स्पिअरमिंट आणि पाणपुदिना यांचा संकर आहे, त्याला बी धरत नाही म्हणून फुटवे लावूनच वाढवतात, आणि त्याचं तेल पानं आणि फुलोऱ्यावरून वाफ नेऊन काढतात. शिवाय पानं तेलात भिजवली म्हणजे असं वाफेने काढलेलं तीव्र तेल, म्हणजे इसेन्शियल ऑइल, तयार होत नाही, ते फक्त पानं भिजवलेलं तेल. हा फरक मला तोपर्यंत माहीतच नव्हता.

मग ऑनलाइन एक १५ मिलीची बाटली मागवली. लेबलवर मोठ्या अक्षरात शुद्ध पेपरमिंट, बाकी काहीच नाही. आणि पुढे जी चूक झाली ती मी सविस्तर लिहितेय कारण आमच्या स्टाफरूममध्ये सांगितल्यावर दोघीजणी म्हणाल्या की त्याही हेच करणार होत्या.

एप्रिलमधला रविवार, घामाने जीव नकोसा झालेला, मी आंघोळीच्या बादलीत सरळ बाटलीतून पंधरा थेंब टाकले. हाताने पाणी ढवळलं, वाटलं मिसळलं. तेल पाण्यात मिसळत नाही हे मी मुलांना सांगू शकते पण त्या वेळी डोक्यात आलं नाही. सगळं तेल वर तरंगत होतं आणि पहिल्या तांब्यात वरचाच थर आला, तो मान, पाठ आणि काखांवरून खाली गेला. पाच सेकंद मस्त वाटलं. मग काखेत आणि कोपरांच्या आत अशी आग सुरू झाली आणि त्याचवेळी अंगात हुडहुडी, दात वाजायला लागले, बाहेर ३६ डिग्री असताना. मी घाबरून अंगावर अजून पाणी ओतत गेले आणि प्रत्येक तांब्याला ते वाढतच गेलं. सासूबाईंनी बाहेरून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, पाणी नको ओतू, तेल लाव तेल, आणि दारातून खोबरेलाची बाटली आत दिली. खोबरेल चोळून पंच्याने पुसलं, परत चोळलं, मग साबण लावून धुतलं तेव्हा कुठे वीस मिनिटांनी शांत झालं. त्यांनी ते अनुभवावरून सांगितलं होतं, पण कारणही तेच आहे, हे तेल तेलात विरघळतं आणि निघतं, पाण्याने नुसतं पसरतं. काखेतला लालपणा तीन दिवस होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला बसवून समजावलं. मेंथॉल कातडी थंड करत नाहीच. आपल्या कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर थंडी ओळखणारा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतो, टीआरपीएम८ नावाचा, तो खरी थंडी लागली की उघडतो आणि मेंथॉल लागलं तरी उघडतो, मग मेंदूला निरोप जातो की गार आहे. थर्मामीटर लावला तर तापमान जवळपास तेवढंच. हा ग्राहक शोधणाऱ्यांमध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन हे दोघे होते, उष्णता आणि स्पर्श कसा कळतो या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. प्रमाण जास्त झालं की मात्र गारव्याऐवजी जळजळ होते. हे ऐकल्यावर मला एकदम जाणवलं की मी महिनाभर मेंदूला गारव्याचा निरोप पाठवायचा विचार करत होते, पायांना काय झालंय हे बघितलंच नव्हतं. पण ते तेव्हा मनातच राहिलं.

बाटलीची शंका त्यांनीच काढली. मी ती फ्रिजमध्ये ठेवली होती, दोन दिवसांनी बघते तर आत सुयांसारखे लांब पांढरे स्फटिक. म्हणाल्या हे पेपरमिंट नसणार, जपानी पुदिन्याचं तेल असेल, ज्याला उत्तर प्रदेशात मेंथा म्हणतात, बाराबंकी, बदायूँ, संभल या पट्ट्यात ते प्रचंड पिकतं आणि या तेलात भारत जगात पहिला आहे. त्यात मेंथॉल ७० टक्क्यांच्या पुढे असतं, पेपरमिंटमध्ये साधारण ३० ते ५० टक्के. वाईट तेल नाही ते, मेंथॉल काढायला तेच वापरतात, पण पेपरमिंट समजून थेंब मोजले तर हिशोब चुकतो. म्हणून आता मी लेबलवर शास्त्रीय नाव बघते, मेंथा पायपरिटा लिहिलेलं असेल तरच घेते, मेंथा आर्व्हेन्सिस असेल तर ते दुसरं तेल. बाटली गडद काचेची हवी, आणि उघडल्याची तारीख मी लगेच लिहून ठेवते.

मे महिन्याच्या सुट्टीत नीट बसून केलं. आधी तेल, ५० मिली खोबरेलात १० थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. थेंब म्हणजे पक्कं माप नाही, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो, पण १ मिलीत साधारण २० धरतात. ते कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढ्या जागेत लावून दोन दिवस थांबले, लाल झालं नाही, खाज नाही, मग पायांना लावलं. हा थांबायचा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, पण बादलीच्या प्रकारानंतर मी तो एकदाही टाळला नाही.

नंतर बाम. सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा आणला, घरच्या काट्यावर अर्धा ग्रॅम कळतच नाही. १० ग्रॅम मधमाशीचं मेण, २० ग्रॅम खोबरेल, २० ग्रॅम तिळाचं तेल. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात स्टीलचं भांडं, मेण ६२-६४ डिग्रीला वितळतं त्यामुळे मंद आचेवर वेळ लागतो, घाई करायची नाही. वितळल्यावर उतरवून ठेवायचं आणि कडेने जरा धूसर दिसायला लागलं की मग पेपरमिंट घालायचं, १ ग्रॅम, म्हणजे दोन टक्के, आणि हे फक्त तळपायांसाठी. पहिल्यांदा मी गरम असतानाच घातलं तर सगळं स्वयंपाकघर घमघमलं आणि डबीत काहीच उरलं नाही. ठाण्याच्या मे महिन्यात दहा ग्रॅम मेणाचा बाम डबीत फारच मऊ पडला म्हणून पुढच्या वेळी १२ ग्रॅम घेतलं. पाणी किंवा गुलाबजल मी अजिबात घालत नाही, पाणी आलं की बुरशी येते, मग प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं आणि ते काम माझं नाही.

जूनमध्ये नणंद आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन राहायला आली होती, बाळाला सर्दी. सासूबाई मायेने माझी डबी घेऊन त्याच्या छातीला लावायला निघाल्या, मी धावत जाऊन हात धरला. आई, नको, इतक्या लहान बाळाच्या नाकाजवळ हे नेलं तर श्वास अडकू शकतो. त्या गप्प झाल्या. आमच्या लहानपणी सगळं लावायचे, असं म्हणाल्या, पण डबी त्यांनीच उचलून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली, आणि ती तेव्हापासून तिथेच असते. गरोदर बाई असेल तर तिनेही आधी डॉक्टरांना विचारावं. डोळे आणि चेहरा यापासून तर लांबच.

शाळा पुन्हा सुरू झाली, रोज रात्री काशाची वाटी आणि माझा बाम असं चालू होतं, झोप लागत होती, मी खूश होते. आणि मग जूनच्या शेवटी एका रात्री लक्षात आलं की पायाच्या खळग्यात गारवा झकास लागतोय, टाचेला थोडा उशिरा पण लागतोय, बोटांना मात्र काहीच नाही. परत लावलं. दोन्ही पायांच्या करंगळ्या आणि शेजारची बोटं, तिथे जणू काही लावलेलंच नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बर्फाचा खडा लावून बघितला, तोही नीट कळला नाही. आग होतेय आणि थंडी मात्र कळत नाही, याची मला खरंच भीती वाटली.

आमच्या डॉक्टरांनी बोटांना कापूस, टोकदार काडी, कंप पावणारा चिमटा असं सगळं लावून बघितलं आणि शुगर आणि बी१२ करायला सांगितलं. म्हणाले तळपायांची आग म्हटलं की आधी मधुमेह आणि मग बी१२ बघतो. शुगर नॉर्मल होती. बी१२ आलं १४२, लॅबच्या कागदावर २०० च्या वर हवं असं छापलेलं. आम्ही पूर्ण शाकाहारी, माझं तर दूधही सुटलेलं. बी१२ कमी पडलं की मज्जातंतूंवर परिणाम होतो, आणि वेळेत भरून काढलं तर ते सुधारतात, उशीर झाला तर सगळं परत येईलच असं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी विचारलं, बाम बंद करू का. म्हणाले बरं वाटत असेल तर लावा, पण त्याने आग झाकली जाते हे लक्षात ठेवा, आणि पायाला कुठे चिरा, जखम नाही ना हे रोज बघा.

इंजेक्शनं झाली, मग गोळ्या. जुलै-ऑगस्टमध्ये फारसा फरक नव्हता, आग कमी झाली पण बोटं तशीच, मी रोज रात्री बाम लावून करंगळीकडे लक्ष देऊन बसायचे. वाटी फिरवता फिरवता सासूबाई विचारायच्या, आलं का गं? मी नाही म्हणायचे.

घटस्थापनेच्या रात्री, दिवसभर उभं राहून पाय आंबलेले, त्यांनी वाटी ठेवून नुसत्या बोटाने करंगळीला बाम लावला. आधी काही नाही. मग अगदी बारीक, टोकाला पाण्याचा थेंब पडावा तसं. मी म्हटलं, आई, थांबा, परत लावा.