खेकडा चढावर का गुदमरत होता, आणि तोरणमाळचा बदललेला बेत

रविवारी दुपारी खेकडा (माझी छोटी एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवरची चारचाकी) मामांच्या शेतामागच्या टेकडीवर पुन्हा अर्ध्यात बंद पडला. दिवाळीनंतर नवव्यांदा की दहाव्यांदा, मोजणं मी सोडलंय. सातपुड्यातल्या तोरणमाळला गाड्या घेऊन जायचा बेत जानेवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारचा, म्हणजे हातात तीन आठवडे, आणि गाडी चढ दिसला की मान टाकते. म्हैस (धुळ्याच्या मित्राची एटीव्ही, २५० सीसी, साखळीऐवजी शाफ्टवाली) माथ्यावर पोहोचून उभी होती. तिचा मालक वरून ओरडला, "भो, दोरीने ओढत दाखवू का तोरणमाळ?"

लक्षणं मागच्या वेळी लिहिली होती, तीच. सपाटीवर उत्तम, चढाला लावलं की पाच-सात मिनिटांत आचके देत बंद. दहा मिनिटं सावलीत बसलं की पहिल्या सेल्फला चालू. त्यावर आलेले सल्ले मी इमानदारीने करून पाहिले. प्लग बदलला. कॉइल बदलली, कारण 'तापली की कॉइल मरते' हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजात चहासोबत फुकट मिळतं. एकाने छातीठोकपणे सांगितलं की उंचीवर हवा विरळ होते, मिश्रण रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर लहान टाक. तेही टाकलं. मग रात्री अंथरुणात हिशेब केला. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी कमी. मामांची टेकडी शेतापासून साठ मीटरही वर नाही. एवढ्याने इंजिन गुदमरायला लागलं तर पाण्याच्या टाकीवर चढणारा वायरमन कधीच खाली आला नसता. सकाळी उठून जुना जेट परत बसवला.

मध्ये एक नवीन कार्ब्युरेटरही ऑनलाइन मागवून झाला. फोटोत चोकची दांडी डावीकडे, खोक्यातून निघाला तो उजवीकडे दांडीवाला. परत पाठवायला आठ दिवस गेले. आता माझं ठाम मत आहे की शंभर-सव्वाशे सीसीचे पार्ट आधी गावातल्या जुन्या मोटारसायकलवाल्या मिस्त्रीकडे विचारायचे. त्याच्या डब्यात जे नसतं तेच फक्त बाहेरून मागवायचं. पेट्रोलची नळी तर मी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणतो. मीटरवर मिळते आणि उन्हात काचेसारखी कडक होत नाही.

तर रविवारी. मामा कापसाची शेवटची वेचणी उरकून बांधावर बसले होते. मी टाकीचं झाकण उघडलं, आत पेट्रोल किती उरलंय बघायला. 'फुस्स' असा आवाज झाला. मला त्यात काहीच वाटलं नाही. मामांनी मात्र कान टवकारले. म्हणाले, "आमना फवारानी पंपनं झाकणनं भोक बुजनं का पानी येस नही. तुनी गाडीनं बी तसंच से का?"

मी खाली बसलो.

वाचणाऱ्यांतल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, ऑगस्टमध्ये मी पावसासाठी केलेल्या 'वॉटरप्रूफिंग'चे फोटो मोठ्या अभिमानाने टाकले होते. टाकीच्या झाकणाला हवा आत घेणारी एक बारीक नळी असते. तिच्यातून पाणी जाऊ नये म्हणून मी ती वळवून हँडलच्या कव्हरखाली खोचली होती आणि वरून झिप टाय आवळला होता. नीट आवळला होता. इतका नीट की नळी चपटी झाली. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वर शिरली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोलची धार बारीक होत जाते. सपाटीवर अर्ध्या रेसवर पेट्रोल कमी लागतं, म्हणून निभावून जायचं. चढाला पूर्ण रेस, की पाच मिनिटांत कार्ब्युरेटरचं भांडं कोरडं. आणि सावलीतली ती दहा मिनिटं? इंजिन थंड होत नव्हतं, टाकी हळूहळू हवा ओढून घेत होती. तीन महिने मी उष्णतेला शिव्या देत होतो.

खात्री म्हणून पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरपासून काढून बिसलेरीच्या बाटलीत धार सोडली. झाकण उघडं: अखंड धार. झाकण बंद: सुरुवातीला तशीच, मग दोऱ्यासारखी, मग थेंब थेंब. मामांना ते थेंब दाखवले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते कापसाला चांगला भाव मिळाल्यावरही मी पाहिलेलं नाही.

झिप टाय कापला. खेकडा टेकडीवर निघाला, सात मिनिटं झाली, दहा झाली, बंद नाही. मी मनातल्या मनात हे सगळं लिहायलाही घेतलं होतं. आणि माथ्याआधीच्या खड्या टप्प्यावर, जिथे दगडांची पायरी आहे, तिथे परत बंद.

पण हे मरण वेगळं होतं, आणि ते वेगळं आहे हे कळायलाच मला अंधार पडेपर्यंत वेळ लागला. पहिलं मरण घड्याळावर यायचं, कोन कितीही असो. हे कोनावर येत होतं, वेळ कितीही झालेला असो. थंड गाडी थेट पायरीवर नेली तरी पंधरा-वीस सेकंदांत बंद. दोन्ही बिघाड एकाच टेकडीवर एकमेकांच्या आड लपले होते. एक दुरुस्त केल्याशिवाय दुसरा दिसलाच नसता. कॉइल आणि जेट बदलून 'काही फरक नाही' असं मी लिहीत होतो ते त्यामुळेच.

कोनाचा संबंध म्हटलं की फ्लोट, म्हणजे कार्ब्युरेटरच्या भांड्यातली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग. पिकअपच्या फळ्यांचा उतार करून पुढची चाकं वर चढवली, मोबाइलमधल्या लेव्हलने कोन मोजत गेलो. अठरा अंशांना इंजिन अडखळलं, वीसला बंद. मग गाडी सपाटीवर आणून कार्ब्युरेटरच्या भांड्याच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावली, नळी भांड्याला टेकवून उभी धरली आणि स्क्रू सैल केला. नळीत पेट्रोल जिथे थांबतं तीच आतली पातळी. ती भांड्याच्या जोडापासून आठ-नऊ मिलिमीटर खाली होती. एवढं उथळ भांडं, त्यात गाडीचं नाक वर, म्हणजे पेट्रोल एका कडेला आणि जेट हवेत.

भांडं उघडलं, फ्लोटची पितळी जीभ नखाने किंचित वाकवली. किंचित म्हणजे खरोखर किंचित. पहिल्यांदा जास्त वाकली आणि पेट्रोल ओव्हरफ्लोमधून मामांच्या चपलेवर गळलं. चौथ्या प्रयत्नाला पातळी जोडाखाली तीन मिलिमीटरवर आली. फळ्यांवर सव्वीस अंशांना पूर्ण एक मिनिट आयडलिंग, आवाजात खोट नाही. पायरी मात्र अजून चढून पाहायची आहे, कारण तोवर काळोख झाला होता आणि मामी जेवायला हाका मारत होत्या.

आता छोटी गंमत. टायरची हवा. आपल्याला हवी ४ ते ५ पीएसआय, आणि पंपावरच्या गेजला दहाच्या खालचं काही कळत नाही. लो-प्रेशर गेज मागवणार होतो. तेवढ्यात कपाटात आईचं जुनं डायलवालं बीपी मशीन दिसलं. १ पीएसआय म्हणजे जवळपास ५२ मिलिमीटर पारा, म्हणजे ४ पीएसआय साधारण २०७, आणि डायल ३०० पर्यंत जातो. जुन्या हवा भरायच्या पंपाचं तोंड त्याच्या नळीला बसवलं, झालं. फक्त टायरमधली हवा आधीच हाताने दाबून बऱ्यापैकी कमी झालेली हवी, नाहीतर डायलचा काटा कायमचा फिरतो. चारही टायरना २०७ बीपी. डॉक्टरने सलाइनच लावलं असतं.

बेताबद्दल. घाटाने खेकडा वर न्यायचा हट्ट मी सोडला. घाट डांबरी आणि सार्वजनिक, आपल्या गाड्यांना नंबर नाही, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ पुढे 'ऑफरोड आहे साहेब' चालत नाही. राखीव जंगलात चाक घालायचं नाही हे आपलं आधीच ठरलेलं. यावल किंवा अनेरकडे वळायचं कुणी सुचवलं होतं, पण ती अभयारण्यं आहेत, तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो आणि परवानगीशिवाय पायीही शिरता येत नाही. त्यात जानेवारीत गवत वाळलेलं, सायलेन्सरला चिकटून एक काडी पेटली तरी डोंगर जायचा. स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणगी बाहेर पडू न देणारी जाळी) दोन्ही गाड्यांना बसवलाय, तरीही नकोच.

म्हणून मामांचं शेत तळ. शनिवारी पायथ्याचे पाणंद रस्ते आणि कोरडा नाला, ज्यांची शेतं लागतात त्या सगळ्यांना विचारून झालंय. पपईवाल्या एका काकांनी 'बांध मोडला तर भरून द्यायचा' एवढीच अट घातली. रविवारी गाड्या इथेच ठेवून पिकअपने म्हसावद, राणीपूर करत वर, यशवंत तलाव, सीताखाई, आणि दुपारपर्यंत परत.

हे लिहिता लिहिताच ध्यानात आलं की दिवस उलटे हवेत. शनिवारी आधी वर जायचं, रात्री शेतावर भरीत आणि कळण्याची भाकरी, आणि रविवारी पहाटे दव असताना नाला. दवाने धूळ बसलेली असते, मागच्याला पुढच्याचा फुफाटा खावा लागत नाही. आणि काही बिघडलंच तर निदान तोरणमाळ बघून झालेलं असेल. म्हैसवाल्याला फोन केला, तो म्हणाला तुझा भरवसा खेकड्यावर अजूनही नाही ना. नाही.

एक धोका मी आधी धरलाच नव्हता: पऱ्हाटी. कापूस उपटलेला असेल तर ठीक, पण विळ्याने तिरका कापलेला असेल तर त्या खुंट्या ४ पीएसआयच्या टायरला भाल्यासारख्या. टायरच्या मधल्या भागात पंक्चर झालं तर सुतळी घालून भागतं, बाजूच्या भिंतीला झालं तर टायर गेला. परवा नाल्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन एकर असंच कापलेलं दिसलं, तिथून वळसा घालावा लागणार. आणि एवढ्या कमी हवेत टायर रिमवरून सुटला तर परत बसवायला घट्ट आवळता येणारा रॅचेटचा पट्टा लागतो. माझा ट्रॅक्टर-ट्रॉलीवर गेला तो परतच आला नाही. शहादा किंवा दोंडाईच्याकडच्या कुणाकडे जास्तीचा असेल तर दोन दिवसांसाठी हवाय. बदल्यात भरीत, आणि मामांचं फवारणी पंपावरचं व्याख्यान, जे आता प्रत्येक पाहुण्याला सक्तीचं आहे.