तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशातून घरच्यांसाठी काय आणावं?

हा प्रश्न बहुधा ‘तिथे चांगलं काय मिळतं?’ असा विचारला जातो. आमचं सांगणं असं, की सुरुवात घरातून करा. निघण्याआधी अर्धा तास काढून ज्यांना काही आणायचं आहे त्यांची मापं घ्या. आवड चुकली तर माणूस समजून घेतो, पण माप चुकलं तर वस्तू कपाटातच राहते.

बुटांचं माप आकड्यावर विसंबून घेऊ नका. ब्रिटिश ७ आणि अमेरिकी ७ एक नाहीत. पुरुषांच्या बुटांत ब्रिटिश ७ म्हणजे साधारण अमेरिकी ८, आणि बायकांच्या बुटांत फरक आणखी वाढतो. संध्याकाळी, म्हणजे पाय थोडे सुजलेले असताना, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं करा, सर्वांत लांब बोटापुढे खूण करा आणि लांबी मिलिमीटरमध्ये लिहा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. अंगठीसाठी रोज वापरातल्या अंगठीचा आतला व्यास मोजा. तिथे १ मिमीची चूक म्हणजे एका साइजपेक्षाही जास्त फरक. कपड्यांचं सोपं आहे: नीट बसणारा सदरा जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत आणि खांद्यापासून खालपर्यंत मोजा, दुकानातला सदराही तसाच पसरून मोजा.

विजेवर चालणारी वस्तू घेताना दुकानातच तिच्यामागची पट्टी वाचा. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, युरोपात २३०. पट्टीवर १००–२४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदलावी लागेल. चार्जर बहुतेक असेच असतात. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, किटली यांचं तसं नसतं. १२० व्होल्टची किटली २३० वर लावली तर ती जवळजवळ चौपट वीज ओढते आणि जळते. पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे विकणारा सांगेलच असं नाही.

आता विमान. बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात द्रव १०० मिलिलिटरपर्यंतच चालतो, आणि मोजली जाते ती बाटली, आतलं उरलंसुरलं नव्हे. जॅम, मध, क्रीम, हलवला की आत बर्फ पडतो तो काचेचा गोळासुद्धा द्रवातच धरतात. ड्यूटी फ्रीची सीलबंद पिशवी शेवटच्या विमानातून उतरेपर्यंत फोडू नका. पॉवर बँक मात्र हातातच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत नाही.

चिनी मातीची भांडी फुटतात ती बहुधा बांधणीमुळे. कपात मोजे कोंबा, कानाला वेगळं कापड गुंडाळा, ताटल्या आडव्या न रचता उभ्या लावा आणि सगळं बॅगेच्या मध्यभागी ठेवा, चहूबाजूंनी ४–५ सेंमी मऊ कपडे. चाकांची बाजू आणि कोपरे टाळा, धक्का तिथेच बसतो. शोभेच्या रंगीत भांड्याच्या झिलईत शिसं असू शकतं. खाण्यापिण्यासाठी चालेल असं त्यावर लिहिलेलं नसेल तर ते शोभेलाच राहू द्या.

हस्तिदंत, कासवाचं कवच, प्रवाळ, सुसरीचं किंवा अजगराचं कातडं यांच्याबाबत आम्ही फार आग्रहाने सांगतो: घेऊच नका. १९७३ मध्ये मान्य झालेल्या साइट्स (CITES) या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा बऱ्याच वस्तू सीमेपार न्यायला सरकारी परवाना लागतो. दुकानाचं बिल म्हणजे परवाना नव्हे. वस्तू जप्त होते, दंडही होऊ शकतो, आणि मागणी वाढली की आणखी प्राणी मारले जातात. सालीसकट लाकूड, बिया, माती लागलेलं काहीही कीड आणतं, म्हणून तेही अडवतात.

अनेक देशांत पर्यटकाला विक्रीकर परत मिळतो. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये ही सोय २०२१ पासून बंद आहे. जिथे आहे, तिथे दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यावा लागतो. बऱ्याच ठिकाणी विमानतळावर कस्टम्सची नोंद किंवा शिक्का बॅग सोपवण्याआधी लागतो, कारण अधिकारी न वापरलेली वस्तू बघायला मागू शकतो. बॅग आधी गेली की पैसे गेले.

लहान मुलांच्या खेळण्याची बॅटरीची झाकणी स्क्रूने बंद होते का, ते बघाच. बटणाएवढी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. झाकणी नखाने उघडत असेल तर ते खेळणं दुकानातच ठेवा.