आईच्या कार्डावरची पाच नावं

माझ्या आईच्या उजव्या अंगठ्यावर रेघा उरलेल्या नाहीत. वीस-बावीस हंगाम ऊसतोडीला गेली. कोयत्याची मूठ आणि पाचट यांनी त्या घासून नेल्या. रेशन दुकानातल्या मशीनवर तिनं अंगठा ठेवला की मशीन नुसतं लुकलुकत राहतं. दुकानदार म्हणतो, "मावशी, पुसून लावा." आई पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते. मग शेजारचं बोट, मग डावा हात. गेल्या वर्षी केवायसीच्या, म्हणजे आधारवरून ओळख पटवायच्या वेळी तिची दहाच्या दहा बोटं लावून झाली आणि एकही उमटलं नाही. मागं रांग वाढत होती. आई कानकोंडी होऊन बाजूला झाली. मला म्हणाली, "राहू दे बाई, पुढच्या महिन्यात बघू." सगळं आयुष्य कष्टात काढलेल्या बाईनं आपल्याच बोटांसाठी चारचौघांत मान खाली घालावी, हे मला फार लागलं.

मी शिलाईकाम करते. मराठवाड्यातलं आमचं गाव, बारावीपर्यंत शिकलेली, म्हणून घरातले आणि गल्लीतले रेशनचे कागद माझ्याकडेच येतात. या कामात एक गोष्ट शिकले. कार्ड काढताना सगळे धावपळ करतात, पण कार्डावरचं नाव टिकवायला दरवर्षी तितकंच धावावं लागतं, आणि ते कुणी आधी सांगत नाही.

नाव लावण्याचा त्रास मी स्वतः भोगला आहे. लग्न झाल्यावर सासरच्या कार्डात नाव घालायचं, तर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आधी लागतो. तो आणला. आधार, लग्नाचा पुरावा, अर्ज, सगळं तहसीलच्या पुरवठा शाखेत दिलं. काही महिन्यांनी कार्डावर माझं नाव आलं. मी खुशीत दुकानात गेले, तर पावतीवर धान्य आधीच्याच माणसांचं. कार्डावर नाव असणं वेगळं आणि त्या नावावर धान्य सुरू होणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. पुरवठा शाखेत विचारलं तर उत्तर आलं, "ताई, इष्टांक शिल्लक नाही."

हा इष्टांक समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, आपल्याकडे तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात महाराष्ट्रातल्या किती लोकांना धान्य द्यायचं, तो आकडा, म्हणजेच इष्टांक, २०११ च्या जनगणनेवरून ठरला: सुमारे ७ कोटी. तो वाटून जिल्ह्याला, तालुक्याला आला. तालुक्याचा आकडा भरलेला असेल तर नवीन माणूस उत्पन्नाच्या अटीत बसत असूनही थांबतो. कुणाचं नाव कमी झालं की जागा होते. म्हणजे गावात कुणी मेलं, कुणाची मुलगी लग्न होऊन गेली, कुणाला सरकारी नोकरी लागली, तर माझा नंबर. मी चौदा महिने थांबले. त्या चौदा महिन्यांत माझे दर महिन्याचे पाच किलो आम्ही विकत आणले.

म्हणून आईची बोटं उमटली नाहीत तेव्हा मला धडकी भरली. केवायसी राहिली म्हणून ती वगळली गेली, तर तिची जागा लगेच भरणार. भरणाराही गरजूच असणार, माझ्यासारखाच रांगेत थांबलेला. त्याचा काय दोष? पण झिजलेल्या बोटांमुळे आई अपात्र कशी ठरते?

आईचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं. त्यावर पाच नावं: आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन लेकरं. कायद्यानं घरातली सगळ्यांत मोठी बाई कुटुंबप्रमुख, म्हणून आईचं नाव पहिलं. माणशी पाच किलो, म्हणजे महिन्याला पंचवीस किलो. अंत्योदयवाल्यांना, म्हणजे सगळ्यांत गरीब कुटुंबांना, माणसं कितीही असोत, कार्डामागे पस्तीस किलो. पूर्वी गहू दोन रुपयांनी, तांदूळ तीन रुपयांनी मिळायचा, जानेवारी २०२३ पासून दोन्ही मोफत. लोक म्हणतात, फुकटचं मिळतं, एवढी काय कटकट. त्यांनी या पंचवीस किलोंचा हिशोब आमच्या ओट्यावर बसून करावा. दुकानातून पीठ विकत आणायची वेळ आली की भाऊ ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाढवून घेतो, आणि ती फेडायला पुढच्या हंगामात त्यांचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, लवकर निघतो.

भाऊ आणि वहिनी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, तिकडंच. तेव्हा कार्डाचं काय करायचं? बरेच जण कार्ड घरी ठेवतात आणि सहा महिने धान्य उचलतच नाहीत. असं करू नका. २०२५ मध्ये केंद्रानं रेशन वितरणाच्या आदेशात दुरुस्ती केली. सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद होऊन चौकशी लागू शकते. ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढा असू शकतो!

धान्य आता कुठल्याही रेशन दुकानात घेता येतं, परजिल्ह्यात आणि परराज्यातसुद्धा. शिवाय सगळं एकाच ठिकाणी उचलावं लागत नाही. भावानं तिकडं पंधरा किलो घ्यायचं, उरलेलं दहा आईनं इथं. पहिल्या वर्षी तिकडच्या दुकानदारानं "माझा कोटा माझ्या कार्डांपुरताच" म्हणून भावाला परत पाठवलं. मी १९६७ या टोल फ्री नंबरवर फोन केला, तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक भावाला पाठवला. दुसऱ्या खेपेला त्यानं तो क्रमांक दाखवला आणि धान्य मिळालं. फोनवर भाऊ एवढंच म्हणाला, "दिलं गं." वहिनीनं त्या रात्री पालावर पहिल्यांदा रेशनच्या पिठाच्या भाकऱ्या केल्या.

आता आईचं. दुकानात जमेना म्हणून मी मोबाइलवर 'मेरा ई-केवायसी' अॅप घेतलं. त्यात बोटं लागत नाहीत, चेहरा दाखवून होतं. पण आधी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि आईच्या आधारला कुठला नंबर होता? भावाचा जुना, कधीच बंद पडलेला. मग आधार केंद्र. तिथं दोन खेपा. पहिल्यांदा रेंज नव्हती. दुसऱ्यांदा नंबरही बदलला आणि बोटं, डोळे, फोटोही नव्यानं घेतले. आठवड्याभरानं अंगणात उजेडाला आईला बसवलं. अॅप सांगत होतं, डोळे मिटा, उघडा. आईनं इतके घट्ट मिटले की उघडायचंच विसरली. तिसऱ्या वेळी पडदा हिरवा झाला. तिला दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे आता मी हाये का त्यात?"

आहे. पाचही नावं आहेत. मी त्यासाठी एक वही केली आहे. पहिल्या पानावर बारा आकडी कार्ड नंबर, कुणाच्या आधारला कुठला मोबाइल, कुणाची केवायसी कधी झाली. पुढं दर महिन्याची पावती चिकटवते. गहू किती, तांदूळ किती, आणि पिशवीत प्रत्यक्ष किती आलं, तेही लिहिते. दुकानदाराकडून पावती मागून घ्या. पावतीवर पाचाऐवजी चार माणसांचं धान्य दिसलं, तर नाव गळाल्याचं त्याच महिन्यात कळतं. आमच्या गल्लीतल्या एका काकांना ते सात महिन्यांनी कळलं. पुरवठा शाखेत काहीही दिलं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊनच बाहेर पडा, साहेब कितीही म्हणोत की लागत नाही.

भावाची धाकटी आषाढात पाच वर्षांची होते. पाचाच्या आतल्या लेकरांना केवायसी नसते, पाच झाल्यावर वर्षाच्या आत करावी लागते. ते दोघं कोयत्याला निघायच्या आत तिला आधार केंद्रात न्यायचं आहे. वहीत लिहून ठेवलंय.