आकृत्यांपासून प्रूफपर्यंत: माझा पहिला शोधनिबंध

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की दातांवर आणि पुढे हाडांवर परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) थर दिलेली माती हे फ्लोराइड किती धरून ठेवते, हा माझ्या पीएचडीतला एक भाग होता. प्रयोग संपले, आकडे हाती आले, आणि मला वाटलं की आता लिहायला बसायचं. माझ्या गाईड मॅडमनी बसू दिलं नाही. म्हणाल्या, "आधी आकृत्या कर. सगळ्या आकृत्या आणि तक्ते क्रमाने मांड आणि एक अक्षरही न लिहिता मला नुसतं बोट ठेवून सांग, काय सापडलं ते."

हा सल्ला मी आता प्रत्येकाला देते. आकृत्या मांडल्या की कुठला प्रयोग कशासाठी आहे ते उघडं पडतं. माझ्याकडच्या दोन आलेखांतून वाचकाला नवीन काहीच कळत नव्हतं. ते पुरवणी माहितीत गेले. उरलेल्यांतून एक सरळ गोष्ट तयार झाली: ही माती बनवली कशी, ती फ्लोराइड किती वेगाने घेते, जास्तीत जास्त किती घेते, आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचं माप) बदलला की काय होतं. पाण्याचा पीएच वाढत गेला की तिची क्षमता घसरते, हे चौथ्या आलेखात स्वच्छ दिसत होतं.

त्यानंतर मॅडमनी मला एकच वाक्य लिहायला सांगितलं. संपूर्ण निबंधाचा दावा, एका वाक्यात. मी लिहिलं की ही माती पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड प्रभावीपणे काढते. त्यांनी विचारलं, "कुठल्या पाण्यातलं?" प्रयोग डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम फ्लोराइड विरघळवून केले होते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, सल्फेट असतं, कधी फॉस्फेट असतं, आणि हे आयन मातीवरच्या त्याच जागांसाठी फ्लोराइडशी स्पर्धा करतात. मग शीर्षकातून 'पिण्याचं पाणी' गेलं, 'प्रभावी' गेलं, आणि 'ॲल्युमिनाचा थर दिलेल्या मातीवर फ्लोराइडचं अधिशोषण: पीएचचा परिणाम' एवढंच राहिलं. अधिशोषण म्हणजे पृष्ठभागावर धरून ठेवणं. मला ते रुक्ष वाटलं होतं. पण पुराव्यापेक्षा मोठं शीर्षक संपूर्ण निबंधाला अडचणीत आणतं, कारण रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी निबंध तपासणारा तज्ज्ञ, प्रत्येक परिच्छेद त्या शीर्षकाच्या मापाने मोजतो. पुढच्या सगळ्या प्रवासात मी खरं तर हेच शिकत गेले: दावा पुराव्याएवढाच हवा, मोठाही नको आणि भीतीने लहानही नको.

जर्नल निवडताना मी सुरुवातीला इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या निबंधांचे सरासरी किती उल्लेख होतात त्याचा आकडा) लावून यादी केली होती. मॅडमनी उलट्या बाजूने जायला सांगितलं. आपण ज्यांचे निबंध वाचून काम केलं, ते कुठे छापले गेलेत ते बघ. माझ्या संदर्भसूचीत दोन-तीन जर्नल्स पुन्हा पुन्हा येत होती. म्हणजे ज्यांना हे काम वाचायचं आहे ते वाचक तिथेच होते. त्या प्रत्येकाचं 'एम्स अँड स्कोप' हे पान शब्द न् शब्द वाचलं आणि गेल्या वर्षभरातले अंक चाळले. तरीही पहिल्या ठिकाणाहून निबंध रिव्ह्यूला न जाताच परत आला. संपादकांनी दोन ओळींत लिहिलं होतं की आमचा भर प्रत्यक्ष प्रकल्पांवर आहे. याला डेस्क रिजेक्शन म्हणतात आणि ते लवकर येतं हे चांगलंच, कारण त्याच निबंधासह महिनोन् महिने अडकून पडावं लागत नाही. एका वेळी एकाच जर्नलकडे निबंध असू शकतो, हा नियम सगळीकडे कडक आहे.

याच काळात मेलमध्ये आमंत्रणं येऊ लागली: काही दिवसांत प्रकाशन, सगळ्या विषयांना प्रवेश, फक्त फी भरा. त्यांच्यासाठी मी एक सोपी पद्धत ठेवली. संपादक मंडळावरच्या लोकांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का, जर्नल २००३ पासून चालणाऱ्या डीओएजे या मुक्त जर्नल्सच्या सूचीत आहे का, आणि रिव्ह्यू कसा होतो हे त्यांनी नीट लिहिलं आहे का, एवढं तपासायचं. 'थिंक, चेक, सबमिट' या उपक्रमाची प्रश्नावलीही याच धर्तीची आहे. फी घेणं हा दोष नाही. चांगली मुक्त जर्नल्सही घेतात. रिव्ह्यू न करता घेणं हा दोष.

लेखकांची नावं हा विषय लोक शेवटच्या दिवसासाठी ठेवतात आणि तिथेच नाती बिघडतात. आम्ही तो आकृत्यांच्या बैठकीनंतर लगेच मिटवला. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणायचं याचे चार निकष दिले आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही पूर्ण व्हायला हवेत. ते वैद्यकासाठी लिहिलेले असले तरी आम्हाला रसायनशास्त्रातही उपयोगी पडले. ज्या तंत्रज्ञ दादांनी एक्स-रे डिफ्रॅक्शनची मोजणी करून दिली, त्यांच्याशी बोलून त्यांचं नाव आभारात, त्यांच्या परवानगीने घेतलं. प्रत्येकाने काय केलं हे सांगायला क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी असते. तीही तेव्हाच भरली. भाषा सुधारायला एआय वापरलं असेल तर ते सांगावं लागतं, पण त्याला लेखक करता येत नाही, कारण चौथा निकष, जबाबदारीचा, ते पुरा करू शकत नाही.

लिहिताना मी 'पद्धती' या भागापासून सुरुवात केली. ते सगळ्यात सोपं, आणि प्रयोगवही समोर असते. कुठल्या कंपनीचं इलेक्ट्रोड, कुठला बफर, ढवळण्याचा वेग, तापमान, प्रत्येक मोजणी किती वेळा केली, सगळं. कसोटी एकच होती: दुसऱ्या प्रयोगशाळेतला अनोळखी विद्यार्थी हे वाचून तोच प्रयोग करू शकेल का? मग निष्कर्ष, मग चर्चा, मग प्रस्तावना. गोषवारा अगदी शेवटी. चर्चेत मी एक सवय लावून घेतली: प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य आमच्या आकड्यांबद्दल, आणि इतरांचं काम त्यानंतर. याने चर्चा म्हणजे दुसरी प्रस्तावना होत नाही. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवले होते, त्यामुळे जर्नल बदललं तेव्हा संदर्भांची शैली बदलायला फार वेळ लागला नाही.

बाकी सजावटीचं काम कंटाळवाणं असतं आणि ते भराभर उरकावं. ओळींना क्रमांक, दुहेरी अंतर, फोटोंना ३०० डीपीआय, आलेख शक्यतो व्हेक्टर स्वरूपात. आलेखांत लाल आणि हिरवा एकत्र टाळला, कारण हा फरक न दिसणारे वाचक असतात. त्याऐवजी गोल, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हं वापरली. 'हायलाइट्स' मागितले होते, प्रत्येकी ८५ अक्षरांच्या आत, जागांसह. दावा एका वाक्यात आधीच लिहिलेला असल्याने ते जमले.

कव्हर लेटर मात्र मनापासून लिहावं. तो गोषवाऱ्याचा पुनरुच्चार नसतो. संपादकाला तीन गोष्टी हव्या असतात: काय सापडलं, ते त्यांच्या वाचकांना का हवं, आणि हे काम दुसरीकडे पाठवलेलं नाही. माझं पत्र एका पानाच्या आत होतं आणि त्यात 'अभूतपूर्व' हा शब्द नव्हता. सबमिशनच्या पोर्टलसाठी एक निवांत दुपार राखून ठेवा. सगळ्या लेखकांचे मेल, १६ अंकी ऑर्किड आयडी (संशोधकाचा ओळख क्रमांक), निधीचा क्रमांक, हितसंबंधांचं निवेदन, डेटा कुठे मिळेल याचं निवेदन, सुचवलेले रिव्ह्यूअर. सुचवताना आमच्याबरोबर अलीकडे निबंध लिहिलेल्यांना वगळलं. शेवटी पोर्टल सगळ्या फायलींची एक पीडीएफ बनवतं. ती उघडून पानापानाने बघितल्याशिवाय मान्यता देऊ नये. रिव्ह्यूअरला तीच दिसते.

मग थांबायचं. पोर्टलवर 'अंडर रिव्ह्यू' हे शब्द दिसत राहतात आणि त्यावरून काहीही कळत नाही.

निर्णय आला तो 'मेजर रिव्हिजन' असा, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा. दोन अहवाल होते. पहिला लहान आणि मवाळ. दुसरा चार पानांचा, आणि तो वाचून माझा दिवस गेला. मॅडमनी तेव्हा आइनस्टाइनची हकीकत सांगितली. १९३६ मध्ये त्यांनी नेथन रोझेन यांच्याबरोबर गुरुत्वीय लहरींवरचा निबंध फिजिकल रिव्ह्यूला पाठवला. लहरी अस्तित्वातच नाहीत असा त्याचा सूर होता. संपादकांनी तो तपासायला दिला आणि टीका परत पाठवली, तेव्हा आइनस्टाइन रागावले. छापण्याआधी कुणा तज्ज्ञाला दाखवायची परवानगी मी दिलेली नाही, असं कळवून त्यांनी निबंध मागे घेतला. पण तो दुसऱ्या जर्नलमध्ये १९३७ मध्ये छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. त्या अनाम रिव्ह्यूअरचं म्हणणं बरोबर होतं. आइनस्टाइनना जे झोंबलं ते मला झोंबणारच, हे ऐकून मी शांत झाले आणि अहवाल दुसऱ्यांदा, पेन घेऊन वाचला.

दुसऱ्या वाचनात तो शत्रूचा अहवाल वाटला नाही. या माणसाने, कोण ते मला कधीच कळणार नाही, बिनपगारी बसून माझा प्रत्येक आलेख तपासला होता. त्याच्या मुख्य मागण्या तीन होत्या. लँगम्युअरचं समीकरण (पाण्यात किती फ्लोराइड असताना मातीवर किती बसतं याचं सूत्र) सरळ रेषेत बदलून बसवण्याऐवजी मूळ वक्रच बसवावा, कारण सरळ करताना त्रुटींचं वजन बदलतं. मातीतून ॲल्युमिनियम पाण्यात सुटतं का ते मोजावं. आणि बायकार्बोनेट असताना क्षमता किती राहते ते दाखवावं.

तिन्ही केलं. पहिल्याने आकडे थोडे हलले, निष्कर्ष तोच राहिला. ॲल्युमिनियम लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये सापडलं आणि कुठल्या पीएचला ते वाढतं हेही कळलं. बायकार्बोनेटमुळे मात्र क्षमता लक्षणीय घटली. एका सहलेखकाचं मत होतं की हा आलेख पुरवणीत टाकावा. मी तो मुख्य निबंधात ठेवण्याचा आग्रह धरला आणि घटीचं वाक्य गोषवाऱ्यात घातलं. शीर्षकातही 'आणि सहआयनांचा', म्हणजे पाण्यात सोबत असणाऱ्या इतर आयनांचा, हे शब्द आले. आकडा कमी झाला, पण आता ज्याला गाळणी बनवायची आहे त्याच्या खरोखर कामाचा झाला. मला या निबंधातला सगळ्यात आवडता आलेख तोच आहे.

उत्तराचं पत्र निबंधाइतकंच काळजीने लिहिलं. रिव्ह्यूअरचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवायचा, खाली आपलं उत्तर, बदललेलं वाक्य पूर्ण उद्धृत करून, ओळ क्रमांकासह. वाचणाऱ्याला दोन फायलींत शोधाशोध करायला लावायची नाही. 'सूचना मान्य' एवढं लिहून सोडायचं नाही. एक मागणी आम्ही नम्रपणे नाकारली: मातीने भरलेल्या स्तंभात सतत पाणी वाहवून करायचा प्रयोग. तो वेगळा अभ्यास आहे असं कारण दिलं आणि मर्यादांच्या परिच्छेदात ते स्पष्ट लिहिलं. नाकारता येतं, कारण देऊन. पहिल्या रिव्ह्यूअरने सुचवलेल्या संदर्भांपैकी विषयाशी जुळणारे घेतले, बाकीचे का घेतले नाहीत ते संपादकांना एका वाक्यात सांगितलं.

दुसऱ्या फेरीनंतर निबंध स्वीकारला गेला. लोक इथे हुश्श करतात. पण प्रूफ, म्हणजे छापण्याआधीची जुळवलेली प्रत, तपासायचं बाकी असतं, आणि ते दोन दिवसांत मागतात. मी प्रूफ मॅडमबरोबर मोठ्याने वाचलं: एकीने मूळ मसुदा, दुसरीने प्रूफ, तक्ते आकडा आकडा करून. ॲल्युमिनियमच्या तक्त्यात एका स्तंभाच्या शीर्षकातलं 'म्यू' हे ग्रीक अक्षर अक्षरजुळणीत बदलून साधं 'एम' झालं होतं. म्हणजे मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम, हजार पटींचा फरक, आणि तोही आरोग्याशी संबंधित आकड्यात. ते दुरुस्त झालं. नावांची स्पेलिंग, एककं, आकृत्यांच्या खालच्या ओळी आणि निधीचा क्रमांक या चार जागा डोळ्यांत तेल घालून बघाव्यात. प्रूफमध्ये वाक्यं सुंदर करत बसू नये, ती वेळ गेलेली असते.

डेटा आम्ही झेनोडो या मुक्त ऑनलाइन संग्रहात ठेवला. सर्न ही युरोपातली कणभौतिकीची संस्था तो चालवते आणि तिथे डेटालाही स्वतःचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. नुसती एक्सेल फाइल टाकली नाही. प्रत्येक स्तंभाचं एकक आणि प्रत्येक प्रयोगाची तारीख सांगणारी वाचा-आधी फाइल जोडली. बायकार्बोनेटचे आकडे त्यात सगळ्यात वर आहेत, कारण ही माती खऱ्या विहिरीच्या पाण्यावर तपासायला जो कुणी घेईल, त्याला आधी तेच लागणार आहेत.