मृत्युपत्रातला जावई

सासरच्या वंशावळीचे काम हाती घेतले त्याला आता दोन वर्षे होत आली. सासऱ्यांचे घराणे स्कॉटलंडमधील एडिंबराजवळच्या डल्कीथचे, तर सासूबाईंचे माहेर इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टिव्हर्टनचे. त्यामुळे एकाच वंशावळीसाठी दोन कायदे, दोन चर्चच्या रीती आणि काही काळापुरती दोन कालगणनाही सांभाळाव्या लागतात. मागच्या नोंदीत मी लिहिले होते की टिव्हर्टनच्या लोकर व्यापाऱ्याची एक मुलगी काही केल्या सापडत नाही. ती का सापडत नव्हती हे आता कळले आहे, आणि चूक सर्वस्वी माझी आहे.

या व्यापाऱ्याचे मृत्युपत्र हाती लागले हेच मुळात नशीब. डेव्हनमधली जुनी मृत्युपत्रे एक्झेटरला ठेवलेली होती आणि मे १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळून गेली. आमच्या माणसाची मालमत्ता एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत असल्यामुळे त्याचे मृत्युपत्र स्थानिक धर्मन्यायालयाऐवजी कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह न्यायालयात शाबीत झाले, आणि त्या न्यायालयाच्या १३८४ ते १८५८ या काळातील नोंदवह्या आज लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात सुरक्षित आहेत. अर्थात तेथे मिळते ती कारकुनाने वहीत उतरवलेली नक्कल. तिच्या तळाशी दिसणारी सही आपल्या पूर्वजाच्या हातची नसते, हे नव्याने काम सुरू करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मी स्वतः ती सही कापून सासूबाईंना चौकटीत घालून देण्याच्या बेतात होते.

तर या मृत्युपत्रात व्यापाऱ्याने एका माणसाला ‘सन-इन-लॉ’ म्हटले असून त्याला दहा पौंड आणि कामाच्या खोलीतले दोन माग दिले आहेत. जावई म्हटला की लेक आलीच, अशा समजुतीने मी तिच्यासाठी तक्त्यात चौकट आखली आणि टिव्हर्टन, हॅल्बर्टन व कलम्प्टन या तीन पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, लग्नाच्या नोंदी वीस वर्षांच्या टप्प्यात ओळीने वाचून काढल्या. दोन महिने त्यात गेले. उलगडा झाला तो दुसऱ्याच शोधात: व्यापाऱ्याच्या स्वतःच्या दुसऱ्या लग्नाच्या नोंदीत वधूच्या नावापुढे ‘विधवा’ असा शब्द होता, आणि तिच्या पहिल्या नवऱ्याच्या आडनावाने बाप्तिस्म्याची वही पाहिली तेव्हा आमचा ‘जावई’ तेथे तान्हा बाळ म्हणून नोंदवलेला आढळला. अठराव्या शतकाच्या इंग्रजीत सावत्र मुलालाही ‘सन-इन-लॉ’च म्हणत.

मराठी माणसाला हे पचायला जड जाते, कारण आपल्याकडे आतेभाऊ आणि मावसभाऊ यांचीही सरमिसळ होत नाही. जुन्या मृत्युपत्रांतला ‘कझिन’ हा पुतण्या, भाची किंवा कोणीही दूरचा नातलग असू शकतो, आणि ‘ब्रदर’ हा पुष्कळदा मेहुणा किंवा साडू निघतो. म्हणून मी आता तक्त्यात मूळ शब्द देवनागरीत जसाच्या तसा लिहिते आणि पॅरिशच्या वहीतून नाते सिद्ध होईपर्यंत त्याखाली मराठी शब्द लिहीत नाही. या बाबतीत स्कॉट लोकांची जुनी बोली अधिक सोयीची आहे: तेथे नातवंडाला ‘ओय’ म्हणतात आणि खऱ्याखुऱ्या जावयाला ‘गुड-सन’. पहिल्यांदा तो शब्द वाचला तेव्हा मला ते सद्गुणी मुलाचे कौतुक वाटले होते, ही गोष्ट वेगळी.

कालगणनेचा घोळही टिव्हर्टनकडेच होता. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, स्कॉटलंडने मात्र १६०० पासूनच १ जानेवारी स्वीकारली होती. व्यापाऱ्याचे लग्न जून १७३१ चे आणि थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३१ चा पाहून मी आधी घरात कोणालाच काही बोलले नाही. पण तो फेब्रुवारी आजच्या हिशेबाने १७३२ चा, म्हणजे लग्नानंतर आठ महिन्यांचा. तक्त्यात आता अशी तारीख १७३१/३२ अशी दुहेरी लिहिली आहे.

डल्कीथकडील प्रगती अधिक समाधानाची आहे. तेथील बेकर पूर्वजाने मृत्युपत्र केलेच नव्हते. एडिंबराच्या कमिसरी न्यायालयाच्या, म्हणजे मृतांच्या मालमत्तेची प्रकरणे पाहणाऱ्या न्यायालयाच्या, वहीत आहे तो ‘टेस्टामेंट डेटिव्ह’, म्हणजे मृत्युपत्राविना मेलेल्या माणसाची मालमत्ता कोणी सांभाळावी याविषयीचा न्यायालयाचा दस्त. सांभाळणारा म्हणून नेमला गेला तो बायको नाही, मुलगा नाही, तर उधारीवर पीठ देणारा व्यापारी. बेकरकडे त्याचे नव्वद पौंड येणे होते. हा आकडा वाचून मी हबकले होते, पण हे स्कॉट पौंड. बारा स्कॉट पौंडांचा एक स्टर्लिंग पौंड, म्हणजे कर्ज फक्त साडेसात पौंडांचे. अशा धनकोला आपले येणे भागण्यापुरतीच मालमत्ता नोंदवून घेणे पुरत असे, म्हणून यादीत दोन काठवटी, तराजू व वजने, पिठाची पोती आणि एक म्हातारी घोडी एवढेच दिसते. त्यावरून तो दरिद्री होता असे ठरवू नये.

ठरवू नये असे म्हणायला माझ्याकडे आधार आहे. त्याच्या वडिलांनी रीतसर मृत्युपत्र केले होते आणि त्यात बायको, दोन मुली व धाकटा मुलगा आहेत, पण आमचा बेकर, जो थोरला, त्याचे नावही नाही. त्याला घराबाहेर काढले असावे अशी एक कहाणी सासरी चालत आली आहे, आणि या दस्तामुळे ती पक्की झाली असे सासऱ्यांना वाटले. वास्तविक स्कॉटलंडमध्ये १८६८ पर्यंत जमीन किंवा घर मृत्युपत्राने देताच येत नसे. ते वारसाहक्काने थोरल्या मुलाकडे जाई, आणि मृत्युपत्राचा विषय उरे तो फक्त जंगम मालमत्तेचा. त्यातही एक तृतीयांश विधवेचा, एक तृतीयांश मुलांचा, आणि उरलेला तिसरा वाटा तेवढा मरणाऱ्याच्या मर्जीचा. ज्याला घर मिळते त्याचा जंगम मालमत्तेत सहसा वाटा नसे. म्हणजे थोरल्याचे नाव नाही याचा अर्थ बहुधा असा की त्याला घर मिळाले. याची खातरजमा सासीन नोंदवहीत होईल; जमिनीच्या मालकीच्या या नोंदी १६१७ पासून ठेवलेल्या आहेत आणि पुढचा अर्ज त्यासाठीच करते आहे.

स्कॉटलंडच्या कागदांचा आणखी एक गुण असा की तेथे लग्नानंतरही बाईचे माहेरचे आडनाव टिकते. इंग्लंडच्या वह्यांत लग्नाच्या ओळीनंतर बाई नवऱ्याच्या आडनावात बुडून जाते. इकडे मात्र बेकरची बायको मुलांच्या बाप्तिस्म्यात, कर्जाच्या कागदात आणि विधवा झाल्यावरही स्वतःच्याच आडनावाने भेटते. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांत सुनांची माहेरे शोधताना ज्यांचे डोळे दुखले असतील त्यांना याचे मोल कळेल.

तिचे लग्न मात्र डल्कीथच्या वहीत नव्हते. ते सापडले कर्क सेशनच्या, म्हणजे पॅरिशच्या वडीलधाऱ्यांच्या सभेच्या इतिवृत्तात: दोघांनी सभेपुढे येऊन एडिंबरात रीतीबाहेर लग्न केल्याचे कबूल केले, दंड भरला आणि सभेने त्यांना नवराबायको मानले. असे लग्न चर्चला नापसंत असले तरी स्कॉटलंडच्या कायद्याला मान्य होते. हे पान सतराव्या शतकाअखेरच्या ‘सेक्रेटरी’ नावाच्या जुन्या हस्ताक्षराच्या वळणात आहे, ज्यात ‘सी’ हे अक्षर आजच्या ‘आर’सारखे दिसते आणि ‘एच’चा पाय ओळीखाली लोंबतो. पुण्यात असताना शिकलेली मोडी येथे उपयोगी पडली. अक्षर सुटे न वाचता शब्दाचे वळण ओळखण्याची सवय तीच.

बेकरच्या पणतवंडांपैकी दोघांचे बाप्तिस्मे अजून मिळालेले नाहीत. ती १७८५ ते १७९० च्या दरम्यान जन्मलेली असावीत, आणि १७८३ पासून १७९४ पर्यंत प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, त्यामुळे अनेकांनी नोंद करण्याचे टाळले. तेव्हा बाप्तिस्म्याच्या वहीत वेळ न घालवता मी आता प्रेतवस्त्राच्या भाड्याचा हिशेब पाहणार आहे. डल्कीथच्या त्या पानांवर पुरल्याची नोंद नसली, तरी शवपेटीवर घालायचे कापड कोणासाठी आणि किती पैशांना नेले, ते लिहिलेले आहे.