दीर्घकालीन उद्दिष्टाचा प्रश्न : बँकेतील कृषी अधिकारी पदाच्या मुलाखतीचा माझा अनुभव

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर आमच्या भागातील मुला-मुलींसमोर ठरलेल्या वाटा असतात. ठिबक, बियाणे, ऊतिसंवर्धित रोपे किंवा खते-औषधांच्या कंपनीत क्षेत्र प्रतिनिधी व्हायचे, गावात कृषी सेवा केंद्र टाकायचे, पदव्युत्तर शिक्षणासाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठात जायचे, नाहीतर अभ्यासिका लावून स्पर्धा परीक्षांना बसायचे. माझे वडील चोपडा तालुक्यात केळी आणि कापूस करतात. दुकान टाकण्याइतके भांडवल घरात नव्हते आणि आणखी दोन वर्षे शिकण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून मी खासगी कंपन्यांचे आणि बँकेच्या कृषी अधिकारी पदाचे अर्ज एकाच सुमारास भरले. त्यामुळे ‘तुमचे दीर्घकालीन उद्दिष्ट काय?’ या एकाच प्रश्नाला मला दोन अगदी निरनिराळ्या खोल्यांमध्ये उत्तर द्यावे लागले.

पहिली खोली जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीची होती. पद केळी पिकासाठी क्षेत्र प्रतिनिधीचे होते. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) यांच्या खत-व्यवस्थापनातील फरक, ठिबकमधून द्यायच्या विद्राव्य खतांचे वेळापत्रक, करपा आणि कुकुंबर मोझॅक या रोगांची लक्षणे असे विषयाचे प्रश्न झाल्यावर समोरच्या गृहस्थांनी पाच वर्षांनी मी कुठे असेन, असे विचारले. तालुक्यातील निर्यातक्षम बागांची संपूर्ण जबाबदारी सांभाळणारी पीक-तज्ज्ञ व्हायला आवडेल, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, “ते ठीक आहे मॅडम, पण तोवर तुमचं लग्न झालेलं असेल ना?” पाच वर्षांनी मी कोणते काम करत असेन हे सांगता येते, घर कुठे असेल हे आज सांगता येत नाही आणि ते पुरुष उमेदवारालाही सांगता येणार नाही, असे उत्तर मी दिले. त्यांनी मान हलवली आणि लगेच दुसरा प्रश्न केला, “बँकेचा फॉर्म भरलाय का?” भरला होता, मुख्य परीक्षाही झाली होती, म्हणून मी ‘हो’ म्हटले. त्या कंपनीचा फोन पुन्हा आला नाही.

या दोन प्रश्नांकडे मी सारख्याच नजरेने पाहत नाही. लग्नाचा प्रश्न कामाशी संबंधित नव्हता आणि तो केवळ मुलींनाच विचारला जातो, हे आमच्या वर्गातील मुलांशी बोलल्यावर स्पष्ट झाले. फॉर्मचा प्रश्न मात्र मला रास्त वाटला. केळीचे पीक लागवडीपासून काढणीपर्यंत साधारण वर्षभराचे असते; नव्या माणसाने एक पूर्ण बाग पाहिल्याशिवाय तो शेतकऱ्याला काही सांगण्याजोगा होत नाही आणि तो तयार होताच निघून गेला तर कंपनीचे ते वर्ष वाया जाते. खासगी ठिकाणी दीर्घकालीन उद्दिष्ट विचारणारा माणूस बहुतेक वेळा एवढेच जाणू इच्छितो की तुम्ही किती दिवस टिकणार.

बँकेच्या मुलाखतीचे गणित निराळे होते. बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या पद्धतीनुसार मुलाखत 100 गुणांची असते आणि अंतिम यादी मुख्य परीक्षा व मुलाखत यांचे 80:20 असे प्रमाण धरून लागते. मुलाखतीत खुल्या प्रवर्गाला किमान 40 टक्के आणि आरक्षित प्रवर्गांना 35 टक्के गुण मिळवावे लागतात. वीस टक्के हा वाटा लहान दिसतो, परंतु मुख्य परीक्षेचे गुण जिथे दाटीवाटीने एकत्र आलेले असतात तिथे हाच वाटा नाव यादीत ठेवतो किंवा काढतो. त्यामुळे जळगावच्या अभ्यासिकेत निकालानंतर तयार उत्तरांची देवाणघेवाण जोरात सुरू झाली. उद्दिष्टाच्या प्रश्नाला त्यांत मुख्यतः दोन उत्तरे फिरत होती. ‘मला संस्थेसोबत स्वतःचाही विकास साधायचा आहे’ हे एक, आणि ‘दहा वर्षांनी मी आपल्या खुर्चीवर बसलेली असेन’ हे दुसरे. दुसऱ्या उत्तरावर तर मुले भलतीच खूश होती.

आमच्या गल्लीत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो. त्यांच्या ओट्यावर मी सरावासाठी जात असे. खुर्चीचे उत्तर ऐकून ते म्हणाले, “बेटा, माझ्या खुर्चीवर बसून तू सकाळी दहा वाजता पहिलं काम कोणतं करशील, एवढं सांग.” मी विचार करत राहिले, तेव्हा त्यांनी माझ्याच वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ ओढली आणि डाव्या बाजूला मला काय व्हायचे आहे ते लिहायला सांगितले. उजव्या बाजूला त्यासाठी मी आजवर काय केले आहे ते लिहायचे होते. जिथे उजवी बाजू रिकामी राहील ते डावीकडचे वाक्य सरळ खोडायचे. डावीकडची ‘ग्रामीण भागाच्या सर्वांगीण विकासात योगदान’ ही ओळ अशी खोडली गेली, आणि मला ती बरीच आवडत होती. ‘फळपिकांच्या कर्जपुरवठ्यात विशेष काम’ ही ओळ मात्र राहिली, कारण सातव्या सत्रातील ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या काळात मी गावातील केळी उत्पादकांच्या पीक कर्जाची माहिती घेऊन अहवाल लिहिला होता आणि तो माझ्याजवळ होता.

त्यानंतर मी बँकेतील शिडी समजून घेतली, आणि माझ्या मते तयारीचा सगळ्यात उपयोगी भाग हाच होता. कृषी अधिकारी पहिल्या श्रेणीत रुजू होतो. परिवीक्षाकाळ संपून तो कायम झाला की पुढच्या श्रेणीसाठी ग्रामीण किंवा निमशहरी शाखेतील सेवा, कामाचा अहवाल आणि जेएआयआयबी, सीएआयआयबी यांसारख्या बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या परीक्षा यांना वजन असते. या परीक्षा भारतीय बँकिंग व वित्त संस्था घेते. 2023 पासून जेएआयआयबीमध्ये चार पेपर आहेत आणि ती बँकेत लागल्यानंतरच देता येते. म्हणजे ‘पहिल्या दोन वर्षांत जेएआयआयबी’ हे वाक्य कुणीही तपासू शकेल असे उद्दिष्ट झाले. त्याहून लांबचे पद शोधताना आप्पांनी मला अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाच्या कामाकडे वळवले. अग्रणी बँक योजना 1969 च्या अखेरीस सुरू झाली. तिच्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एका बँकेकडे समन्वयाची जबाबदारी असते, त्या बँकेचा हा अधिकारी जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा तयार करतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीत सगळ्या बँकांच्या कामाचा आढावा मांडतो. कृषी पदवीधराला या पदाचे आकर्षण वाटावे यात नवल नाही, तरी अभ्यासिकेत त्याचे नाव मी कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

जुळवलेले उत्तर साधारण असे होते : पहिली दोन-तीन वर्षे मला पीक कर्जाचे काम पक्के करायचे आहे, म्हणजे किसान क्रेडिट कार्डाची फाइल सातबारा आणि आठ-अपासून शेताच्या पाहणीपर्यंत आणि वाटपापासून वसुलीपर्यंत स्वतः हाताळायची आहे, आणि त्याच काळात जेएआयआयबी पूर्ण करायची आहे. पाचव्या वर्षाच्या सुमारास काढणीनंतरच्या सोयींसाठी दिल्या जाणाऱ्या मुदत कर्जांत, म्हणजे पॅकहाऊस (माल निवडून भरण्याची जागा), पूर्वशीतकरण आणि रायपनिंग चेंबर (फळे पिकवण्याचा कक्ष) यांच्या प्रस्तावांत, मला जाणकार व्हायचे आहे, कारण माझ्या भागातील केळी बागेत पिकते, पण तिचा पैसा काढणीनंतरच्या हाताळणीत वाढतो किंवा बुडतो. दहा-बारा वर्षांनी संधी मिळाल्यास अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाचे काम करायला आवडेल. हे उत्तर बोलायला दीड मिनिट लागत असे. आप्पांनी ते एक मिनिटावर आणायला लावले. “त्यांना प्रश्न विचारायला जागा ठेव,” असे त्यांचे म्हणणे होते.

मुलाखत मुंबईला होती. मंडळातील एक सदस्य महिला अधिकारी होत्या आणि माझ्या माहितीपत्रकावर पेन्सिलने खुणा करत होत्या. उद्दिष्टाचा प्रश्न त्यांनीच विचारला. माझे उत्तर संपल्यावर त्यांनी ‘कार्यानुभव’ या शब्दाभोवती गोल केला आणि मुलाखतीचा उरलेला बहुतेक वेळ त्या उत्तरातच गेला. पॅकहाऊससाठी शेतकरी उत्पादक कंपनी आली तर कोणती योजना सुचवाल, हा पहिला प्रश्न होता. मी 2020 साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीचे नाव घेतले. 1 लाख कोटी रुपयांची ही योजना आहे आणि तिच्यात 2 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त सात वर्षे 3 टक्के व्याज सवलत मिळते, असे मी सांगितले. त्यांनी लगेच विचारले, “व्याज सवलत मिळते म्हणून प्रकल्प चालेल असं धरायचं का?” मी म्हटले, नाही, पॅकहाऊस वर्षातले किती महिने चालेल हे आधी पाहावे लागेल. मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन्ही लागवडी असलेल्या गावांतून माल अधिक काळ मिळतो, पण उन्हाळ्यातील वादळात बागा आडव्या झाल्या तर त्या वर्षीची आवक कोसळते, म्हणून परतफेडीचा हप्ता आवकेच्या महिन्यांशी जुळवावा लागेल. हे उत्तर मी कुठे वाचलेले नव्हते. मे महिन्यातील वाऱ्याने मोडलेली बाग आमच्या घराने पाहिलेली आहे.

शेजारचे सदस्य जास्त कडक होते. केळीच्या पीक कर्जाचे खाते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे थकीत) कधी ठरते, असे त्यांनी विचारले. अल्पमुदतीच्या पिकांसाठी मुद्दल किंवा व्याज दोन पीक हंगाम थकले तर आणि दीर्घमुदतीच्या पिकांसाठी एक हंगाम थकले तर खाते अनुत्पादक होते, एक वर्षापेक्षा जास्त हंगाम असलेली पिके दीर्घमुदतीची धरतात, आणि प्रत्येक पिकाचा हंगाम राज्यस्तरीय बँकर्स समिती ठरवते, असे मी सांगितले. केळी या रेषेच्या अगदी जवळ असल्यामुळे समितीने ठरवलेला हंगाम पाहिल्याशिवाय मी ठाम सांगणार नाही, हेही जोडले. त्यांनी पुढे काही म्हटले नाही.

मग अपेक्षित प्रश्न आला. “तुम्ही केळी, केळी म्हणताय. आसामला पाठवलं तर?” आसामातही केळी होते, गोलपाडा जिल्ह्यातील दारंगिरीचा केळी बाजार प्रसिद्ध आहे, असे मी म्हणताच महिला अधिकारी हसल्या. कडक सदस्य हसले नाहीत. “आणि जैसलमेरला?” तिथे जिरे आणि इसबगोल आहे, पीक मला शिकावे लागेल, पण जमिनीचा उतारा, पीक कर्ज दर (कोणत्या पिकाला किती कर्ज द्यायचे ते प्रमाण), पाहणी आणि वसुली हे फाइलचे टप्पे तेच राहतील, माझे पहिल्या तीन वर्षांचे उद्दिष्ट पिकाशी बांधलेले नाही, या टप्प्यांशी बांधलेले आहे, असे मी उत्तर दिले. संपूर्ण देशात कुठेही बदली होऊ शकते हे जाहिरातीतच लिहिलेले असते. ‘मला माझ्याच जिल्ह्यात सेवा करायची आहे’ असे भावनेच्या भरात सांगणारा उमेदवार मंडळाला एका वाक्यात सांगून टाकतो की त्याने जाहिरात नीट वाचलेली नाही. लग्नाविषयी या खोलीत कुणी विचारले नाही.

निवड झाली आणि नेमणूक मध्य प्रदेशातील एका ग्रामीण शाखेत मिळाली. इथे सोयाबीन, गहू आणि लसूण आहे. सकाळी दहा वाजता पहिले काम कोणते, या आप्पांच्या प्रश्नाचे उत्तर आता रोज मिळते : आदल्या दिवशी हप्ता चुकलेल्या खात्यांची यादी काढायची आणि कोणत्या गावाला जायचे ते ठरवायचे. उत्तरातला पॅकहाऊसचा भाग मी सोडलेला नाही, मात्र लसणाच्या साठवणुकीचे प्रस्ताव इथे जास्त येतात, म्हणून पाचव्या वर्षाचे उद्दिष्ट मी त्या दिशेने वळवत आहे. जेएआयआयबीचे दोन पेपर झाले आहेत.

माझा आतेभाऊ जळगावला प्लॅस्टिक चटईच्या कारखान्यात देखभाल विभागात आहे आणि मोठ्या पाइप कंपनीच्या मुलाखतीची तयारी करतो आहे. त्याने माझे उत्तर मागितले. मी ते दिले नाही, वहीच्या पानावर रेघ ओढायला सांगितली. ‘यशस्वी अभियंता’ ही त्याची पहिली ओळ टिकली नाही. त्याच्याखालची, एक्स्ट्रूडर (प्लॅस्टिक वितळवून आकार देणारे यंत्र) बंद पडण्याआधी त्याच्या तापमानाच्या नोंदींवरून बिघाड ओळखायला शिकायचे, ही ओळ टिकली, कारण उजव्या बाजूला त्याच्याकडे मागच्या हिवाळ्यापासून स्वतः ठेवलेल्या नोंदी होत्या. आता त्या कंपनीत देखभाल विभागातून वर जाण्याच्या पायऱ्या कोणत्या आहेत, हे तो तिथे काम करणाऱ्या एका मित्राकडून विचारून घेतो आहे.