साडेतीन गोधड्या

नवे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत असले, तरी गोधड्या शिवणाऱ्या बाईचे वर्ष घटस्थापनेच्या तोंडावर संपते. नवरात्राआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन गच्चीच्या कठड्यावर पडते, आणि कोणती गोधडी अजून दोन हिवाळे काढील व कोणती पार विरली आहे, याचा निकाल त्या उन्हातच लागतो. यंदा ओल्या गोधड्या उलटता उलटता मीही माझा हिशेब मांडला: वर्षभरात शिवून झाल्या साडेतीन. त्यांतले एक बाळाचे दुपटे आहे, तेव्हा प्रामाणिकपणे मोजायचे तर आकडा आणखी खाली येईल. पण साडेतीन म्हटले की कसे मुहूर्तासारखे वाटते.

पहिली गोधडी शेजारच्या सूनबाईंची. दिवाळीनंतर त्यांनी आपल्या आईच्या सहा सुती साड्या आणून दिल्या आणि म्हणाल्या, "काकू, घाई मुळीच नाही, पण थंडी सुरू व्हायच्या आत होईल ना?" गोधडीचा सगळा वेळ टाके घालण्यात जातो असे लोकांना वाटते, माझा पहिला आठवडा मात्र नुसते फॉल उसवण्यात गेला. साडीचा फॉल उसवणे म्हणजे नेसणारीची सवय वाचण्यासारखे असते. टाचेखाली घासून जाळी झालेला काठ, दुमडीत अडकून राहिलेली वाळकी माती, आणि एका निळ्या साडीला चक्क हिरव्या दोऱ्याने लावलेला फॉल. त्या फॉलचे पहिले वीतभर टाके मुंगीच्या चालीचे होते, पुढचे ढांगा टाकत गेले होते. सकाळच्या कुठल्या तरी लग्नासाठी आदल्या रात्री हाताला लागेल त्या रिळाने तो लावला असणार. सूनबाईंना दाखवला, तर त्या हसल्या. "आईचं सगळंच असं. सुरुवात नेटकी, शेवट धावतपळत." तो हिरवा दोरा मी टाकला नाही, गोधडीच्या एका कोपऱ्यात तोच वापरला.

दुसरीबद्दल फारसे बोलावेसे वाटत नाही. रंगाला भुलून वरच्या थराला पॉलिस्टरची साडी घेतली. पहिल्याच धुण्यात आतले सुती थर आटले, वरचा तसाच राहिला आणि गोधडी तव्यावरच्या पोळीसारखी जागोजाग फुगली. जुने सूत सुईला वाट देते, पॉलिस्टर हट्ट करते, हे अंगुस्तान घालूनही बोटाला पडलेली भोके मला आधीच सांगत होती.

या वर्षी दोनदा घराबाहेरही पडले. अहमदाबादचे १९४९ साली स्थापन झालेले कॅलिको वस्त्रसंग्रहालय आधी नाव नोंदवूनच पाहता येते, आत छायाचित्र घेता येत नाही, त्यामुळे डोळ्यांत जितके मावेल तितकेच घेऊन निघावे लागते. तिथला कशिदा पाहून मी थक्क झाले, पण घरी आल्यावर सुई धरावीशी वाटली नाही. इतके परिपूर्ण काम माणसाला थोडे आळशीच करते.

हलियाळच्या फेरीने मात्र उलटे केले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या त्या जंगलपट्टीत सिद्दी लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले होते, आणि त्यांतले कित्येक पळून घाटावरच्या रानात शिरले. त्यांची कोकणी कानाला परकी वाटत नाही. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. आपण आधी थर अंथरतो, कोपऱ्यांवर वरवंटा आणि डबे ठेवून कापड ताणतो, कच्चे टाके घालतो आणि मग धावदोरा. कवंद कोपऱ्यापासून सुरू होते, आणि एकेक तुकडा कड दुमडून बसवत, टाके घालत कडेकडेने फिरत मध्यावर येते. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची त्रिकोणी फुले असतात. ओसरीवर शिवत बसलेल्या एका आजींना मी फोनमधली माझी गोधडी मोठ्या अभिमानाने दाखवली, तर त्यांनी चारी कोपरे बोटाने तपासून पाहिले आणि विचारले, फुले कुठे आहेत? फुलांशिवाय कवंद उघडे, असे त्या मानतात.

उरलेली अर्धी गोधडी ही त्या प्रश्नाची देणगी. घरी येऊन कोपऱ्यापासून आरंभ केला, फुलेही जमली, पण मध्याकडे येता येता कापड गोळा होऊन उंटाच्या पाठीसारखा उंचवटा आला. दोनदा उसवले. नंतर आषाढ लागला, आणि दमट हवेत ती घडी करून कपाटात गेली.

यंदा तिला धुवायचे कारण नव्हते, म्हणून नुसतीच उन्हाला टाकली. घडीत टोचून विसरलेली सुई पावसाळ्यात गंजली होती, आणि पिवळ्या तुकड्यावर मोहरीएवढा तांबूस डाग पडला होता. तो झाकायला तिथे एक निळे ठिगळ चालेल. त्या सहा साड्यांतला निळा तुकडा अजून माझ्याकडे आहे. सूनबाईंना विचारून घेईन.